खाज्या नाईक कुणाचा?



अध्यक्षाने आधी सगळ्यांचे आभार मानावेत, गावाचं कौतुक करावं आणि मग मुद्द्यावर यावं, असा रिवाज आहे. तो मोडतो. रागावू नका.

१४ एप्रिल १९४४. याच धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना घेऊन निघालेली मोटार अडवली गेली. डॉ. उत्तमराव पाटील आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारमधले त्यांचे साथी. साडेपाच लाख रुपये चळवळीच्या कामाला गेले. आपल्या छात्या अजून फुगतात, आणि फुगायलाच हव्यात. आता मागे, नोव्हेंबर १८५७ मध्ये या. सेंधव्याच्या बाजूला, मुंबई-आग्र्याच्या वाटेवर, जामली चौकीजवळ सात लाखांचा खजिना अडवला गेला. अडवणारा होता खाज्या नाईक. राज्य त्याच इंग्रजांचं, आणि काम तेच. पण उत्तमरावांचं काम आपण क्रांती म्हणून शिकवतो आणि खाज्याचं काम इंग्रजांच्या १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरच्या चष्म्यातून वाचतो. तो चष्मा ज्याच्या नाकावर होता तो गेला, आपण मात्र तो जपून ठेवला आहे.

काही विद्वान मला सांगतात, की खाज्याचं बंड वैयक्तिक रागातून झालं. बरं, ते तपासून पाहू. बाप गुमान नाईक सेंधव्याच्या घाटाचा राखणदार. बापामागे खाज्याने वीसेक वर्षं हीच वाट सरकारसाठी राखली. आज तुम्ही शिरपूरहून पळासनेरमार्गे इंदूरला जाता, तेव्हा बिजासन घाटात ट्रकची रांग लागते आणि ड्रायव्हर गाडी हळू करून बिजासनी मातेला हात जोडतो. त्या रस्त्यावरून व्यापाऱ्याचा माल आणि सरकारचा पैसा सुखरूप जावा म्हणून हा माणूस रात्री जागला. एका संशयिताचा त्याच्या हातून मृत्यू झाला, असा ठपका आला. नोकरी गेली, तुरुंग मिळाला. सुटल्यावर, गरज पडली तेव्हा, सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतलं. मग सत्तावन्न आलं, आणि त्याने ठरवलं की आता यांच्यासाठी वाट राखायची नाही.

यात वैयक्तिक राग होताच. मी नाकारत नाही. पण मला इतिहासातला असा एक सेनापती दाखवा ज्याला वैयक्तिक राग नव्हता. एकट्याच्या रागामागे शेकडो माणसं जिवावर उदार होऊन येत नाहीत. भिल्ल आले, मकराणी आले, अरब आले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला हे सगळे कंपनी सरकारच्या फौजेशी समोरासमोर लढले. लढाईनंतर पन्नासहून अधिक कैद्यांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या, बायका पकडून नेल्या. १८६० मध्ये जवळ आलेल्याच एका माणसाने दगा करून खाज्याला मारलं. त्याचा सहकारी भीमा नाईक पुढे काही वर्षं झुंजला, मग पकडला गेला, आणि अंदमानात मेला. अंदमान म्हटलं की आपल्याला कोण कोण आठवतं, आणि त्यात भीमा नाईक का नसतो, याचं उत्तर मी तुमच्यावर सोपवतो.

आता जळगावकरांकडे वळतो. तुमच्या धरणगावात १८२५ साली जेम्स आउट्रॅमने भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांनीच भिल्लांना धरायचं, अशी ती शहाणी योजना. आउट्रॅमच्या शिकारींचे आणि शौर्याचे किस्से आपल्याकडे किती चवीने सांगितले जातात! वाघ मारणारा साहेब, भिल्लांवर माया करणारा साहेब. तो पुढे जनरल झाला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला, कोलकात्यात त्याचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला. साहेबाची इतकी बारीकसारीक माहिती आपल्याला आहे, आणि खाज्याच्या घरातल्या माणसांची नावं विचारली तर इथले निम्मे अभ्यासक खाली बघतील.

पुतळ्यावरून आठवलं. खाज्याचा भव्य पुतळा उभारावा असं काही कार्यकर्त्यांनी मला सुचवलं आहे. भावना समजतो, पण दक्षिण अमेरिकेकडे जरा बघा. सिमोन बोलिव्हर. श्रीमंत, गुलाम बाळगणाऱ्या जमीनदार घराण्यातला माणूस, स्पेनची सत्ता उखडून फेकणारा. बोलिव्हिया हा अख्खा देश त्याच्या नावाने आहे. गावोगावी चौकात त्याचे पुतळे. याच बोलिव्हरने १८२४ मध्ये पेरूत ट्रुहियो इथून हुकूम काढला, की आदिवासी गावांच्या सामाईक जमिनी तोडून माणशी वाटून टाका. हेतू चांगला होता म्हणतात. पण सामाईक जमिनीचं कवच गेलं, आणि पुढे त्या जमिनी बड्या हासिएंदावाल्या जमीनदारांच्या घशात गेल्या. मुक्तिदात्याचा पुतळा चौकात राहिला, आणि ज्यांना मुक्त केलं त्यांच्या पायाखालची माती सरकली.

आपल्याकडे काय वेगळं झालं? इंग्रजांच्या वनकायद्याने १८७८ साली जंगल सरकारजमा केलं. राहिलेली सपाटीवरची जमीन सावकाराच्या कागदावर अंगठ्याने गेली. २ मे १९७१ रोजी शहाद्याकडे पाटीलवाडीला धान्य घ्यायला गेलेल्या भिल्लांवर जमीनदारांच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. तेव्हा भिल्लांच्या बाजूने अंबरसिंग महाराज उभे राहिले, नंतर श्रमिक संघटना उभी राहिली. ते गोळ्या झाडणारे कुणी गोरे साहेब नव्हते. समोर काही कपाळांवर आठ्या पडल्या आहेत, त्या मला दिसताहेत. पडू द्या. खाज्याचा वारसा मिरवायचा आणि पाटीलवाडीचं नाव निघालं की चहाला उठायचं, हे जमणार नाही.

विद्वानांचा दुसरा आक्षेप कागदांचा. खाज्याच्या बाजूचे कागद नाहीत, म्हणून इतिहास लिहिता येत नाही. हे वाक्य धुळ्यात बसून बोलताना जीभ कशी अडखळत नाही? वि. का. राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव उन्हातान्हात फिरले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ याच शहरात १९२७ पासून उभं आहे. राजवाड्यांना वाड्यांच्या माळ्यांवर कागदांचे रुमाल सापडले, कारण वाडे होते. पाड्यावरच्या झोपडीला माळा नसतो. तिथलं दप्तर म्हाताऱ्यांच्या तोंडी असतं, भिलोरीत आणि पावरीत, होळीच्या रात्री ढोलासोबत. ते उतरवून घ्यायला फिरावं लागतं, पायाला धूळ लागते, आणि मुख्य म्हणजे समोरच्याची भाषा शिकावी लागते. ते आपल्याला नको आहे. गॅझेटियर बसल्या जागी वाचता येतं.

वाहरू सोनवणे शहाद्याकडचे, भिल्ल. त्यांनी कविता लिहिली तेव्हा मराठीला कळलं, की सातपुड्यातही कुणी बोलतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. बाजूलाच विद्रोही संमेलनही झालं. दोन मांडव पडले. मी विचारतो, दोन्हीकडून निघालेली किती माणसं नंतर आंबापाणीची वाट चढली?

म्हणून शिरपूर, चोपडा, यावल, शहादा इथल्या महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांना माझी जाहीर विनंती आहे. पुतळ्याच्या वर्गणीचा पैसा बाजूला ठेवा. प्रत्येक विभागाने पुढच्या होळीपर्यंत दोन पोरं आणि दोन पोरी पाड्यांवर पाठवा. त्यात निदान एक पोरगं पाड्यावरचं असू द्या, त्याला येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण द्या. म्हाताऱ्यांना जे आठवतं ते त्यांच्याच भाषेत उतरवून घ्या, सांगणाऱ्याचं नाव वर छापा, आणि त्याची प्रत आधी त्या पाड्यावरच्या शाळेत ठेवा, विद्यापीठात नंतर. आणि कुणी म्हातारा "खाज्या आमना शे" म्हणाला, तर त्याच्यासमोर मान डोलावून निघून येऊ नका, बसा आणि पुढचं ऐकून घ्या.