तहान, घाम आणि थोडा गूळ
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाच्या तासाला ज्यांचं हमखास पोट दुखायचं, तेच आज पहाटे पाचला धावायला बाहेर पडतात. हे पाहून पीटीच्या सरांना भरून येत असेल! पन्नाशी ओलांडलेले आपल्यातले बरेच जण 21 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पळतात. काहींना जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पळायची आहे. म्हणून आज धावताना काय खावं, काय प्यावं, याबद्दल बोलतो. आपल्या ग्रुपवर सारखा फिरणारा सल्ला म्हणजे ‘भरपूर पाणी प्या’. तो अर्धाच खरा आहे.

2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं गेलं. त्यातल्या 13 टक्के लोकांचं सोडियम घसरलेलं होतं. धोका जास्त कोणाला? शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला, त्यांना. म्हणजे हळू पळणाऱ्यांना, प्रत्येक टेबलावर थांबून पाणी पिणाऱ्यांना, थोडक्यात, आपल्यासारख्यांना! त्याच शर्यतीत एका धावपटू महिलेचा यामुळे मृत्यूही झाला.

मग किती प्यायचं? तहान लागेल तेवढं. अंदाज हवा असेल तर घरच्या वजनकाट्यावर हिशेब करा. पळण्याआधी वजन 62 किलो, तासाभराने 61.2, आणि मधे 200 मिली पाणी प्यायलात, तर घाम गेला साधारण एक लिटर. तो सगळा लगेच भरून काढायची गरज नसते. वजन दोन टक्क्यांपर्यंत उतरलं तर चालतं. वाढता कामा नये. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हा हिशेब वेगवेगळा करा, कारण दमट हवेत घाम गळतो, पण वाळत नाही.

आता साखरेबद्दल. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांवर उपचार केले. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाठोपाठ पाणीही जातं. आपल्या लिंबू-मीठ-साखरेच्या सरबतात तेच तत्त्व आहे. मात्र हे सरबतही बेसुमार प्यायलं तर सोडियम उतरू शकतंच.

स्नायूंमध्ये साठलेली साखर जोरात पळताना दीड-दोन तास पुरते. पूर्ण मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय शिशाचे होतात, ते बहुधा यामुळेच. तासाभरापेक्षा जास्त पळायचं असेल तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं घ्या. मध्यम केळ्यातून साधारण 25 ग्रॅम मिळतात. बाकी खजूर किंवा गुळाचा खडा. पाय जड व्हायची वाट पाहू नका, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच सुरुवात करा. शेंगदाण्याची चिक्की घरी परतल्यावर खा, कारण तिच्यातला स्निग्धांश पचायला वेळ लागतो. शर्यतीच्या दिवशी नवं काही नको. जेल असो वा पोहे, आधी रविवारच्या लांब पल्ल्यात पोटाला विचारून घ्या.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. पळण्यापूर्वी दुखणं थांबवणारी गोळी घेऊ नये. त्याने मूत्रपिंडावर ताण येतो.

आणि शेवटचं. बरोबरचा धावपटू भांबावला, मळमळतंय म्हणाला, त्याची बोटं सुजलेली दिसली, तर त्याच्या तोंडाला बाटली लावू नका. पाणी कमी पडलंय की जास्त झालंय, हे वरून कळत नाही. त्याला धरून वैद्यकीय तंबूत न्या. आपली वेळ दहा मिनिटांनी वाढेल, वाढू दे. पुढच्या मेळाव्याला आपण सगळेच हवे आहोत.