आकडा, हकीकत आणि तटस्थपणा



समाजाचा अभ्यास करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक मोजणाऱ्यांचा, दुसरा ऐकणाऱ्यांचा. मोजणारा म्हणतो, 'दहा घरच्या हकीकती म्हणजे शास्त्र नव्हे.' ऐकणारा विचारतो, 'तुमच्या कोष्टकात माणूस कोठे आहे?' या दोघांत तटस्थ कोण, हा आजचा प्रश्न. माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. आपले म्हणणे चुकीचे ठरण्याची वाट जो स्वतः मोकळी ठेवतो, तो तटस्थ. मग तो मोजणारा असो की ऐकणारा.

आपल्याच शहराचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे अर्थशास्त्रज्ञ सोवनी यांनी कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली. तिचे खंड १९४८ ते १९५२ या काळात प्रसिद्ध झाले. अशा पाहणीत पहिला आकडा मांडण्यापूर्वीच कितीतरी गोष्टी ठरवाव्या लागतात. कुटुंब कशाला म्हणावे? आपली जनगणना एका चुलीवर जेवणारांचे एक कुटुंब धरते. समजा, शुक्रवार पेठेतल्या एका घरात तीन भाऊ राहतात. चुली तीन, पण म्हैस एक आणि कर्जही एकच. ही कुटुंबे किती? त्या म्हशीची वैरण, शेण, धार सारे जी बाई करते, ती कामकरी की नुसती गृहिणी? मोजणीपूर्वी घेतलेले हे निर्णय आकड्याच्या पोटात दडून बसतात. अहवालात ते उघड लिहिले असतील, तरच दुसऱ्याला तपासता येतात.

दुसरे उदाहरण डॉ. हॅरॉल्ड मान यांचे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे हे प्राचार्य. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. आकडा डोळ्यांत भरणारा खरा. पण गाव पडले शहराच्या आणि खडकीच्या कारखान्यांच्या छायेत. त्यावरून साऱ्या दख्खनची गोष्ट कशी सांगावी? मान यांनी ही शंका झटकून टाकली नाही. पुण्यापासून दूरचे जातेगाव बुद्रुक त्यांनी निवडले आणि कानिटकरांच्या साहाय्याने १९२१ साली दुसरा अभ्यास पुढे ठेवला. काटेकोरपणा म्हणतात तो याला.

कोणी विचारील, ज्याला एखाद्या बाजूची कळकळ आहे त्याने अभ्यास करूच नये काय? शाहू महाराजांकडे पाहा. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. या निर्णयामागे कळकळ होती; पण कळकळीने ६० चे ५९ होत नाहीत, ६१ ही होत नाहीत. विषय कोणता निवडावा हे कळकळीने खुशाल ठरवावे. बेरीज मात्र कळकळीने करू नये.

पण आकड्याला सारेच सांगता येते असे नाही. महाराजांच्या आधाराने गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. नोंदवहीत ते 'आणखी एक दुकान' एवढेच दिसले असते. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यायला लोक कचरत होते, आणि महाराज स्वतः तेथे चहा घेत, हे हकीकतीवाचून कसे कळणार? मात्र हकीकतीलाही शिस्त हवी. कोणी पाहिले? केव्हा सांगितले? सांगणाराचा हितसंबंध काय? आणि ज्याने तो चहा घेतला नाही, त्याला कोणी विचारले काय? मनाला भावलेल्या दहा हकीकती ठेवून बाकीच्या टाकणारा आणि सोयीचा आकडा छापून गैरसोयीचा गाळणारा, हे एकाच माळेचे मणी.

श्रोतेहो, हा केवळ पंडितांचा वाद नाही. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे जनगणनेतून प्रसिद्ध झालेले नाहीत. २०२७ च्या जनगणनेत तशी नोंद घेण्याचा निर्णय सरकारने २०२५ साली जाहीर केला आहे. त्या आकड्यांवरून शाळेतल्या जागांचे, नोकऱ्यांचे, प्रतिनिधित्वाचे वाद होतील. आपल्या जातीची संख्या मोठी निघावी असे ज्याला त्याला वाटेल. म्हणून दाराशी आलेल्या प्रगणकाला उंबऱ्यावरूनच वाटेला लावू नका. बसायला सांगा आणि खरे ते सांगा. पुढे आकडे बाहेर आले, की आपल्या बाजूचा आकडा पाहून टाळी वाजवण्यापूर्वी विचारा, 'हा कसा मोजला?' विरुद्ध बाजूच्या आकड्याला आपण जे प्रश्न विचारतो, तेच आपल्या आकड्यालाही विचारावेत. सामान्य नागरिकाकडून एवढ्याच तटस्थपणाची अपेक्षा मी करतो.