डोक्यावरचे गाठोडे
(बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज आम्हाला धम्मावर बोलायला सांगितले आहे. आम्ही मात्र विहाराच्या मागच्या खोलीतील सामानावर बोलणार आहोत. कार्यकारिणीने त्यातील जादा सामान विकायला काढले आणि तेव्हापासून गावात कुजबुज सुरू झाली. "दानाच्या वस्तूंचा बाजार मांडला," असे काहींनी म्हटले. ज्यांनी म्हटले त्यांचा आम्हाला राग नाही. निर्णय घेणाऱ्यांत आम्ही होतो, तेव्हा जाबही आम्हीच दिला पाहिजे.

हे सामान जमले कसे ते आपणांस ठाऊक आहे. आपली मंडळी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर जातात, अशोक विजयादशमीला जमेल तसे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जातात. बहुतेक रात्री उघड्यावर निघतात. शिवाय आपले विद्यार्थी धोडप-साल्हेरला जाऊन मुक्काम करतात. म्हणून आपण दानाचे आवाहन केले आणि लोकांनी हात आखडता घेतला नाही. मुंबई-पुण्याला नोकरीत असलेल्या आपल्या मुलांनी तर खोकीच्या खोकी पाठविली. नऊ झोळ्या आल्या. मुले त्यांना हॅमॉक म्हणतात. दोन झाडांना बांधून झोपायच्या त्या. चौदा मच्छरदाण्या, सहा ताडपत्र्या, लहान स्टोव्ह, बॅटऱ्या, दोरखंड असे बरेच काही आले. मागची खोली भरली. ती खोली कशासाठी होती, याचा आपल्याला विसर पडला. ती अभ्यासिका होती! दहावीची मुले व्हरांड्यात पोत्यावर बसून अभ्यास करू लागली आणि आपण आत झोळ्या जपून ठेवल्या. एवढी एकच गोष्ट विक्रीला पुरेशी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता दादरची गोष्ट. मागील ६ डिसेंबरला हे सगळे सामान टेम्पोत भरून नेले. शिवाजी पार्कवर महापालिकेचे मंडप होते. त्या गर्दीत झोळी बांधणार कुठे आणि कशाला? नऊच्या नऊ झोळ्या न उघडता परत आल्या. त्यांना जागा हवी म्हणून ज्या जाड सतरंज्या आपण कळवणला ठेवून गेलो, त्याच तिथे हव्या होत्या. आपल्या म्हाताऱ्या बायका प्लॅस्टिकच्या कागदावर रात्रभर कुशी बदलत राहिल्या. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

परत येताना आम्हाला विनयपिटकातील महावग्गाची एक कथा आठवली. तथागत राजगृहाहून वैशालीला जात होते. वाटेत त्यांना काही भिक्षू दिसले. कोणाच्या डोक्यावर चीवरांचे गाठोडे, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेला. तथागतांना वाटले, ही माणसे फार लवकर संग्रहाकडे वळली, यांना मर्यादा घालून दिली पाहिजे. पण मर्यादा किती? इथे आपल्यासारखा एखादा असता तर खुर्चीत बसून आकडा सांगून मोकळा झाला असता. तथागतांनी तसे केले नाही. वैशालीच्या गोतमक चैत्यात ऐन थंडीत, माघ-फाल्गुनाच्या संधीला, ते रात्री उघड्यावर बसले. अंगावर एक चीवर होते. पहिला प्रहर सरला आणि थंडी वाजली, तेव्हा दुसरे घेतले. मधला प्रहर सरल्यावर तिसरे. पहाटे पुन्हा थंडी वाजली, तेव्हा चौथे; मग थंडी राहिली नाही. सकाळी त्यांनी तीन चीवरांची अनुज्ञा दिली. विद्यार्थी विचारतील, चार लागली आणि तीनच कशी दिली? तर वरची संघाटी दुपदरी, उत्तरासंग एकेरी, अंतरवासक एकेरी. पदर चारच होतात. हिशेब चोख आहे. आम्ही बँकेत कारकुनी करतो, म्हणून आम्हाला तो विशेष आवडतो.

तेव्हा आम्ही ठरविले की, आपणही आधी झोपून पाहू. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा वर्तमानपत्रात येऊ लागतो, तेव्हा कळवणलाही काही ऊब नसते. विहाराच्या आवारातील लिंब आणि आंबा यांच्यामध्ये झोळी बांधून आम्ही आणि तीन विद्यार्थी आळीपाळीने चार रात्री झोपलो. आमच्या वयाचा माणूस झोळीत चढताना कसा दिसतो, हे पाहायला शेजारची पोरे कुंपणावर बसली होती. आम्ही पहिल्याच रात्री पालथे पडलो. त्यांचे पैसे वसूल झाले.

वहीत जे लिहिले ते थोडक्यात सांगतो. झोळीत वरून कितीही पांघरा, थंडी खालून लागते. पांघरूण पाठीखाली दबून जाते, त्यातली हवा जाते आणि खालून वारा फिरतो. चादरींनी काही झाले नाही. खाली घोंगडी घातली तेव्हा झोप लागली. फोमची चटई त्याहून बरी. सरळ झोपले की पाठीचे धनुष्य होते, जरा तिरके झोपले की पाठ सपाट होते. जाळीच्या झोळीतून डास खालून चावतात, वर मच्छरदाणी असली तरी. पाऊस आम्ही बादलीने करून पाहिला. पाणी दोरावरून ओघळत थेट झोळीत येते. दोराला एक सुतळी खाली लोंबती बांधली तर ते तिथेच गळते. झाडाला दोर काचतो आणि साल सोलते. त्याला खाटेची जुनी नवार उत्तम.

आणि दोर फार ताणू नये. हे आम्हाला बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने शिकविले, कारण आम्ही कला शाखेचे. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येक दोरावर माणसाच्या वजनाइतका ताण येतो. ६० किलोच्या माणसाला ६० किलो. झोळी ताठ दिसावी म्हणून तोच कोन १० अंशांवर आणला, तर ताण १७० किलोच्या वर जातो. आमचे पालथे पडणे याच कारणाने झाले. आम्हाला वाटले होते, ताठ ते मजबूत.

असे पाहून नऊपैकी दोन कापडी झोळ्या विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या. धोडपच्या माथ्यावर झाडांची वानवा आहे, तेव्हा त्या पायथ्यापुरत्याच. सहा मच्छरदाण्या, दोन ताडपत्र्या आणि सर्व फोमच्या चटया ठेवल्या. बाकी विक्रीला.

विकल्या जाणाऱ्या झोळ्यांपैकी तीन आपल्या एका वृद्ध उपासिकेने पतीच्या पुण्यानुमोदनाला दिल्या होत्या. पेन्शनच्या पैशांतून. त्या घरी बोलावून म्हणाल्या, "भाऊ, माझं दान नको होतं तर तेव्हाच सांगायचं. आता बाजारात मांडलं का?" आम्हाला उत्तर सुचले नाही. चहा घेतला आणि उठलो. त्या रात्री आम्हाला वाटले की चुकलेच. दान घेताना काय हवे ते आम्ही सांगितले नाही, जे आले ते घेतले आणि फोटो काढले.

नंतर चुल्लवग्ग पुन्हा काढला. संघाला एकदा एक महागडी कांबळी मिळाली. तिचे काय करावे, हा प्रश्न आला, तेव्हा संघाच्या अधिक उपयोगाच्या वस्तूशी तिची अदलाबदल करण्याची अनुज्ञा तथागतांनी दिली. दुसरी कथा उदयन राजाची. त्याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा राजाला शंका आली की, हा श्रमण दुकान थाटणार की काय! आनंदांनी सांगितले, ही वस्त्रे जुनी चीवरे झालेल्या भिक्षूंना वाटू. मग जुन्याचे काय? त्याची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीचे अभ्रे. मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणी, मग झाडायला फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या कुटून चिखलात कालवून जमीन लिंपायला. भिक्षूंना खरेदी-विक्री वर्ज्य आहे, म्हणून आजच्या काळात हे काम आपण उपासकांनीच केले पाहिजे.

हे सर्व घेऊन आम्ही आजींकडे पुन्हा गेलो. आधी माफी मागितली आणि मग कथा सांगितली. त्यांनी ऐकले आणि विचारले, "विकून काय आणणार?" आम्ही म्हटले, जाड सतरंज्या, दादरसाठी. त्या म्हणाल्या, "मग विका. पण घेणाऱ्याला खरं सांगा."

ते आम्ही केले. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली: "खाली घोंगडी नसेल तर पाठ गारठते", "ही ताडपत्री एका कोपऱ्यात गळते". भाव खरेदीच्या निम्म्याहून कमी ठेवला. कायद्याने पाहिले तर जमीन-इमारत विकताना धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. झोळ्या जंगम आहेत. तरी नोंदवहीत प्रत्येक वस्तूपुढे दात्याचे नाव, भाव आणि पावतीचा क्रमांक लिहिला आहे, कोणीही पाहावे. कार्यकारिणीतील कोणी पहिल्या दिवशी काही घ्यायचे नाही, असेही ठरले. यावरून एक सहकारी रुसले. त्यांना कांद्याच्या चाळीवर टाकायला ताडपत्री हवी होती. ती त्यांना मिळाली नाही, हे सर्वांसमोर सांगतो, कारण तेही आज इथे बसून हसत आहेत.

एक गिऱ्हाईक मात्र आम्ही परत पाठविले. त्यांना जाळीची झोळी तान्ह्या बाळाला हवी होती. जाळीत बाळाची बोटे, मान अडकू शकते. लुगड्याची झोळी आपल्या आया-बाया शेताच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या बांधत आल्या, ती मऊ असते आणि आईच्या नजरेसमोर असते. तीच बरी, असे त्यांना सांगितले.

विक्रीचे पैसे मुदत ठेवीत ठेवावे, अशी एक सूचना आली आहे. तिला आधार मोठा आहे. आपल्याच जिल्ह्यात, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. करा हिशेब: वर्षाचे व्याज २४० आणि वीस बारे २४०. एक कार्षापण इकडेतिकडे नाही. पण आपली रक्कम लहान आहे. तिच्या व्याजात वर्षाला एक सतरंजीही येणार नाही. म्हणून आमचे मत ठेवीच्या विरुद्ध आहे, बँकेत नोकरी असूनही. सतरंज्या आत्ता घ्याव्यात, १३ ऑक्टोबरच्या आत. ज्यांना ठेव हवी त्यांनी आज हात वर करून सांगावे, सभेने ठरवावे.

खोली रिकामी झाली आहे. बाके पुन्हा आत गेली. दोन जाळीच्या झोळ्या अजून विकायच्या आहेत, व्हरांड्यात टांगल्या आहेत. घेणाऱ्याने आज रात्री इथे झोपून पाहावे. नवार सेवकाकडे आहे, घोंगडी घरून आणावी.

नमो बुद्धाय! जयभीम!