हलक्या स्पोर्ट्स कारचा हिशेब

ट्रॅकवर वेगवान असलेली गाडी रस्त्यावर दणके देणारच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जड गाडीच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. हलक्या गाडीचा हिशेब वेगळा असतो आणि तो समजायला लोटस कंपनीची एलिस ही गाडी सोयीची आहे.

एलिस सप्टेंबर 1995 मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात मांडली गेली आणि 1996 मध्ये विक्रीला आली. वजन सुमारे 725 किलो. इंजिन रोव्हरचे, 1.8 लिटरचे, 118 अश्वशक्तीचे. एवढी ताकद आज साध्या घरगुती गाडीतही मिळते. फरक होता तो चासीत. रिचर्ड रॅकहॅम यांनी अॅल्युमिनियमच्या साच्यातून काढलेल्या पोकळ पट्ट्या इपॉक्सी गोंदाने चिकटवून ती उभी केली. तिचे वजन जेमतेम 68 किलो, आणि तरीही वळणात ती पिळवटत नसे. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन 1982 मध्येच वारले होते. पण वजन उतरवत नेण्याचा त्यांचा हट्ट या चासीत पुरेपूर दिसतो.

वजन कमी झाले की फायदा एकाच जागी होत नाही. चालकासह 800 किलोची गाडी ताशी 160 किलोमीटरवरून थांबवताना ब्रेकना सुमारे 790 किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. 1600 किलोच्या गाडीत हा आकडा दुप्पट होतो. त्यामुळे हलक्या गाडीला लहान डिस्क, अरुंद टायर आणि कमी पेट्रोल पुरते. एलिसच्या पुढच्या चाकांना 185 मिलिमीटर रुंदीचे टायर होते. इंजिन मागे असल्याने पुढच्या चाकांवर भारही थोडा. म्हणून पॉवर स्टिअरिंगशिवाय गाडी सहज वळे आणि रस्त्याचा पोत थेट हातात कळे.

आता स्प्रिंग. स्प्रिंगवर गाडीचे शरीर सेकंदाला किती वेळा वर-खाली होऊ पाहते, यावरून सस्पेन्शनचा कडकपणा मोजतात. आरामदायी सेडानमध्ये हा आकडा साधारण एक ते दीड असतो, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये दीड ते दोन, आणि हवेच्या दाबाने जमिनीवर रेटल्या जाणाऱ्या रेसच्या गाडीत तीनच्या वर जातो. जड गाडी वळणात कलते, ब्रेक लागताच नाक खाली घालते. ते आवरायला तिचे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार कडक करावे लागतात. हलक्या, बुटक्या गाडीत आवरण्यासारखे वजनच थोडे असते. शिवाय चासी न पिळवटणारी असेल, तर खड्ड्याचे काम सस्पेन्शनच करते, ते गाडीच्या शरीरावर पडत नाही. म्हणून एलिसला तुलनेने मऊ स्प्रिंग आणि नीट जुळवलेले डॅम्पर देता आले. इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या हेथेल येथील लोटसच्या कारखान्याभोवतीचे रस्ते अरुंद आणि उंचसखल आहेत. अशा रस्त्यावरही एलिसचे चाक जमीन सोडत नाही, यात आरामही आहे आणि पकडही. इथवर ट्रॅक आणि रस्ता एकाच बाजूला उभे आहेत.

हलकेपणाचे दोन तोटे मात्र सस्पेन्शनमध्येही आहेत. मिळून दीडशे किलोची दोन माणसे 1500 किलोच्या गाडीत बसली, तर तिच्या वजनात दहावा हिस्सा वाढतो, एलिसमध्ये पाचवा. एकट्या चालकासाठी जुळवलेली गाडी सोबतीला कोणी बसताच खाली बसते आणि तिची चालही बदलते. दुसरे असे की चाक, टायर, ब्रेक हे भाग शरीराच्या प्रमाणात लहान होत नाहीत. रस्त्यातली फट ओलांडताना जड चाकाचा धक्का हलक्या शरीराला जास्त जाणवतो. सुरुवातीच्या एलिसला सिरॅमिक कण मिसळलेल्या अॅल्युमिनियमच्या डिस्क होत्या, त्यांच्या हलकेपणाचा उपयोग इथेही होता. पुढे त्या जाऊन लोखंडी आल्या.

खरी किंमत मोजावी लागते ती भलतीकडेच. चासीच्या बाजूच्या पट्ट्या उंच आणि रुंद, त्यामुळे आत शिरणे ही एक कसरत होती: आधी एक पाय आत, मग बूड सीटवर, मग उरलेला पाय. छत लावलेले असेल तर उंच माणसाची पंचाईतच. तळाला उघडे अॅल्युमिनियम, इंजिन डोक्यामागे, आवाज अडवणारे अस्तर जवळपास नाही. डिकी इंजिनाच्या मागे, तीही लहान आणि गरम होणारी. महामार्गावर तासभर गेल्यावर माणूस दमतो तो या आवाजाने. स्प्रिंगांना उगीच बोल लावला जातो.

यातले काही नंतर सुधारले. दुसऱ्या पिढीच्या एलिसमध्ये दाराखालच्या पट्ट्या खाली आणल्या. 2004 मध्ये टोयोटाचे इंजिन आणि अमेरिकेची बाजारपेठ आली, एअरबॅग आणि एबीएस आले, वजन नऊशे किलोच्या घरात गेले. आरामाची प्रत्येक वस्तू आपले वजन घेऊनच येते, आणि ते वाढले की ब्रेक-टायरही मोठे लागतात. तरीही एसी आणि थोडे अस्तर यांवर खर्च झालेले किलो वाया गेले, असे म्हणणे अति होईल. गाडी महिनोन् महिने गॅरेजमध्ये पडून राहण्यापेक्षा ते बरे.

लोटसने दोन्ही टोके वेगळीही करून पाहिली. 2000 सालची 340आर आणि 2007 ची टू-इलेव्हन यांना दारे नाहीत, छत नाही. उलट 2006 ची युरोपा एस ही एलिसच्याच घराण्यातली प्रवासी गाडी: गालिचे, मोठी डिकी, वजन एक टनाच्या आसपास. ती फारशी खपली नाही.

मालकाला ट्रॅकसाठी गाडी बदलायची असेल, तर बदलांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. सर्वांत आधी ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. ट्रॅकवर तापले की पेडल मऊ पडते. ताजे, चांगल्या प्रतीचे ऑइल घातल्याने आरामात काडीचाही फरक पडत नाही. पुढची पायरी ब्रेक पॅडची. ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि चौकात किंचाळतात, म्हणून मध्यम प्रकारचे बरे. अर्धे गुळगुळीत टायर कोरड्या ट्रॅकवर सेकंद वाचवतात, पण साचलेल्या पाण्यात धोक्याचे असतात. वेगळ्या चाकांवर चढवून ठेवलेले उत्तम. चाके आत झुकवणारा कॅम्बर वाढवला, तर वळणात पकड वाढते, पण सरळ रस्त्यावर टायरची आतली कड झिजते. रबरी बुश काढून धातूचे सांधे बसवणे ही मात्र मागे फिरायला महाग पायरी आहे: स्टिअरिंग धारदार होते, पण प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येतो. सायलेन्सरबद्दल गंमत अशी की ब्रिटनमधल्या अनेक ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते. फार मोठा आवाज करणारी गाडी तिथून परत पाठवली जाते.

ट्रॅकचा वेग आणि रस्त्यावरचा आराम एकत्र कसे साधायचे, या प्रश्नाचे फ्रेंच उत्तर म्हणजे 2017 ची अल्पिन ए110. अॅल्युमिनियमची चासी, वजन सुमारे 1100 किलो, 252 अश्वशक्ती, मऊ स्प्रिंग, आणि एसीसकट रोजच्या वापराचे बहुतेक सामान. हलकेपणा तपशिलात शोधला गेला: एकेक सीट 13.1 किलोचे, आणि हँडब्रेक मागच्या मुख्य ब्रेकमध्येच सामावून सुमारे अडीच किलोची बचत. 2019 मध्ये कंपनीने ए110 एस आणली. तिचे स्प्रिंग निम्म्याने अधिक कडक, अँटी-रोल बार दुप्पट कडक, उंची 4 मिलिमीटर कमी. वेगात ती अधिक ठाम, पण साध्या गाडीची रस्त्याबरोबर वाहत जाण्याची खुबी तिच्यात उणावली. रोज वापरणाऱ्याने साधीच घ्यावी. 2022 च्या ए110 आर मध्ये मागची काचही गेली आणि तिच्या जागी कार्बनचे झाकण आले, म्हणजे मागचे पाहायला फक्त बाजूचे आरसे. एवढे करून वाचले 34 किलो, म्हणजे साधारण 45 लिटर पेट्रोलचे वजन.