टॉर्क पाना अर्धंच सांगतो

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "दादा, इंजिनाचं हेड बसवताना स्टडला ऑईल लावायचं की ते कोरडेच ठेवायचे?" उत्तर एका वाक्यात देता येईल. पण मला ते एका शेतकऱ्याच्या नुकसानीतून शिकावं लागलं, म्हणून आधी तो किस्सा ऐका.

आयटीआय संपवून मी कोल्हापूरजवळ एका गॅरेजमध्ये लागलो होतो. गळीत हंगाम सुरू होता. एका काकांचा ट्रॅक्टर आला, तीन सिलिंडरचा, हेड पॅकिंग गेलेलं. मिस्त्री दुसऱ्या कामात होते. ते म्हणाले, "हेड तू बसव, मी सकाळी बघतो." मी खूश! नवीन पॅकिंग टाकलं, टॉर्क पाना सेट केला आणि सगळे नट 'टक्' आवाज येईपर्यंत आवळले. आकडा पुस्तकातला होता, एकाचीही चूक नव्हती. सकाळी मिस्त्रींनी विचारलं, "टॉर्क दिलास ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, "हो, बरोबर दिला."

आठ दिवसांत ट्रॅक्टर परत. रेडिएटरमध्ये बुडबुडे, पाणी कमी होतंय, इंजिन तापतंय. उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी करून काका आले होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तोडणीची टोळी बसून आहे रे बाळा." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हेड खोलताना मिस्त्रींनी मला नट सोडायला लावले. काही नट करकर आवाज करत निघाले, काही अगदी सहज. आट्यांवर जुना गंज आणि काजळी तशीच होती. मी पुसलीच नव्हती. मिस्त्री म्हणाले, "पाना काय मोजतो? नट फिरवायला किती जोर लागला ते. आता तो जोर स्टड ताणायला गेला का गंज घासायला, हे पान्याला कसं कळणार?"

मंडळी, सगळा विषय या वाक्यात आहे.

स्टड म्हणजे एक कडक स्प्रिंग समजा. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि तो ताण हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. आपल्याला हवा असतो तो ताण. पण आपण लावलेल्या जोरातला ढोबळमानाने निम्मा जोर नटाच्या खालच्या पृष्ठभागाच्या घर्षणात जातो, आणखी ४० टक्के आट्यांच्या घर्षणात. स्टड ताणायला उरतात जेमतेम १० टक्के! म्हणजे घर्षण थोडं बदललं तरी ताण भरपूर बदलतो.

एक हिशोब करू. १२ मिलिमीटरचा स्टड, टॉर्क ८० न्यूटन-मीटर. कोरड्या आट्यांवर ताण येतो साधारण ३.४ टन. तोच स्टड, तोच आकडा, पण साधं इंजिन ऑईल लावलं तर अंदाजे ४.५ टन. आणि मॉलिब्डेनमवालं निसरडं ग्रीस लावलं तर ५.७ टनांच्या आसपास. पान्याचा 'टक्' मात्र तिन्ही वेळा सारखाच! आता ८.८ ग्रेडचा असा स्टड सुरक्षितपणे पेलतो सुमारे ५ टन. म्हणजे कोरडा ठेवला तर पकड कमी, आणि चुकीचं ग्रीस लावलं तर स्टड कायमचा लांबणार. हे आकडे समजण्यापुरते आहेत हं, तुमच्या इंजिनाला वापरू नका.

आणि पकड कमी पडली तर काय होतं? १०० मिलिमीटर बोअरचं डिझेल इंजिन धरा. जळताना आत १०० बार दाब झाला, तर एकेक सिलिंडर हेडला सुमारे ८ टनांनी वर ढकलतो. मिनिटाला शेकडो वेळा. माझं पॅकिंग दोन सिलिंडरच्या मध्ये जळालं होतं, ते यामुळेच.

दुसऱ्यांदा बसवताना मी काय केलं असेल? बरोबर, ऑईलचा कॅनच घेतला! ब्लॉकमधल्या भोकांत ऑईल ओतणार, तेवढ्यात मिस्त्रींनी हात धरला. ती भोकं खाली बंद असतात. आत ऑईल साचलं आणि वरून स्टड फिरवत नेला, तर ऑईलला जायला जागा नसते, ते दाबलंही जात नाही. त्या जोरावर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पॅकिंग गेलं तर हजारांत भागतं, ब्लॉक गेला तर इंजिनच गेलं.

मग त्यांनी समोर बसून करून घेतलं. तो क्रम सांगतो, लिहून ठेवा.

आधी सफाई. स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ करायचे. भोकातले आटे साफ करताना नवे आटे पाडणारा टॅप वापरायचा नाही, तो धातू खातो. आटे नुसते साफ करणारा चेसर मिळतो, तो वापरायचा. मग हवा मारायची, डोळ्यांवर चष्मा लावून.

स्टड ब्लॉकमध्ये पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर हातानेच बसवायचा, पाना लावून चेपायचा नाही. भोक पाण्याच्या जागेत उघडत असेल तर तिथल्या आट्यांना सीलंट.

ऑईल लावायचं वरच्या आट्यांना आणि नट वायसरवर जिथे घासतो तिथे. वायसरच्या खाली नाही, कारण नट फिरावा, वायसर नाही. हेड, ब्लॉक आणि पॅकिंगचे पृष्ठभाग स्वच्छ, कोरडे.

आवळायचं मधून बाहेरच्या दिशेने, पुस्तकातल्या क्रमाने, तीन टप्प्यांत. ८० द्यायचं असेल तर आधी ३०, मग ५५, मग ८०. पाना हिसका न देता एका लयीत ओढायचा. पहिल्या 'टक्'ला थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा टकटक करू नका.

आणि हो, काही इंजिनांत स्टडऐवजी असे बोल्ट असतात की टॉर्क दिल्यावर ठरावीक अंशात आणखी फिरवायचे. त्यातले बरेचसे एकदाच वापरायचे असतात. पुस्तकात बदला म्हटलंय तर बदला.

आता सुरुवातीचा प्रश्न. ऑईल लावायचं की नाही? आकडा ज्यांनी दिला, त्यांनी आट्यांवर काय धरलंय ते बघायचं. कोरडं म्हटलं असेल तर कोरडं, ऑईल तर ऑईल, स्टडसोबत ग्रीसची ट्यूब आली असेल तर तेच ग्रीस आणि त्याच कागदावरचा आकडा. एकाचं ग्रीस आणि दुसऱ्याचा आकडा, ही खिचडी करायची नाही. व्हिडिओत कुणी नुसतं "८० दे" म्हणालं, तर खाली कमेंट करून विचारा, "कशावर ८०?"

त्या ट्रॅक्टरचं दुसरं पॅकिंग माझ्या पगारातून आलं. ते मी स्वतःच मिस्त्रींना सांगितलं होतं. हंगाम संपल्यावर काका गुळाची ढेप घेऊन गॅरेजवर आले. ट्रॅक्टर बाहेर चालूच ठेवला होता. मी रेडिएटरकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणाले, "बघ बघ, उघडून बघ." मी हसलो आणि म्हटलं, "गरम आहे काका, आत्ता नको."

चला, आज इथेच थांबू. हेड बसवताना तुमची काय फजिती झाली, ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!