ख्रिस्ताचा क्रूस आणि वल्हांडणाची तिथी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हाला विचारले, "ख्रिस्ताला क्रूसावर दिले ते सणाच्या दिवशी की आदल्या दिवशी, एवढ्यासाठी तुम्ही तासभर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण स्मार्त एकादशी कोणती आणि भागवत कोणती यावरून ज्या घरांत दोन दिवस वाद चालतो, त्या घरांतल्या आपल्याला हा प्रश्न परका वाटू नये. तिथी एका दिवसाने हलली म्हणजे पुष्कळदा तिच्यामागचा अर्थही हलतो. इथे तर त्याहून अधिक काही हलले आहे.

प्रथम सणाची ओळख करून घेऊ. इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून सुटले त्या रात्री त्यांनी दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त लावले आणि मृत्यू त्यांची घरे ओलांडून गेला, अशी कथा आहे. त्या ओलांडण्यावरूनच मराठी बायबलात या सणाला 'वल्हांडण' हे मोठे गोड नाव मिळाले. निसान महिन्याच्या 14 तारखेला दुपारी यरुशलेमच्या मंदिरात कोकरे मारीत. जोसिफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार ही वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे तीन ते पाच अशी देतो. मग सूर्य मावळला की घरोघर ते कोकरू बेखमीर भाकरीबरोबर खात. ही वसंतातली पौर्णिमा. आपण हनुमानजयंतीचा सुंठवडा वाटतो, बहुधा त्याच चंद्राखाली हे भोजन होई.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला वार सूर्योदयाला लागतो, ज्यूंचा सूर्यास्ताला. कोकणातल्या बेने इस्राएलांचे घाणे शनिवारी बंद असत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पण त्यांचा तो शनिवार शुक्रवारच्या संध्याकाळीच लागलेला असे. तेव्हा 14 निसानच्या दुपारी कोकरू मारले आणि त्याच संध्याकाळी खाल्ले, तरी खाताना तारीख 15 झालेली असते. आमच्या वादाची सगळी गाठ इथे आहे.

चारही शुभवर्तमाने काही गोष्टींवर एकमताने बोलतात. शिक्षा देणारा रोमन सुभेदार पंतय पिलात. त्याचा कारभार इ.स. 26 ते 36. वार शुक्रवार. आदल्या रात्री शिष्यांसह शेवटचे भोजन. मतभेद आहे तो तिथीचा.

मार्क सांगतो की, कोकरू मारण्याच्या दिवशी शिष्यांनी वल्हांडणाची तयारी केली आणि रात्री येशू त्यांच्यासह भोजनाला बसला. मत्तय आणि लूक त्याच वाटेने जातात. म्हणजे ते भोजन सणाचेच, आणि क्रूस सणाच्या दिवशी, 15 निसानला. योहान मात्र सांगतो की, शुक्रवारी सकाळी येशूला पिलाताकडे नेणारे लोक वाड्यात शिरले नाहीत; विटाळ झाला असता तर त्यांना वल्हांडणाचे भोजन करता आले नसते. म्हणजे भोजन अजून व्हायचे होते. तो दिवस 14 निसान. मंदिरात कोकरे कापली जात होती त्याच सुमारास नगराबाहेर येशूने प्राण सोडला. योहान आणखी सांगतो की, त्याचे हाड मोडले नाही. आणि वल्हांडणाच्या कोकराचे हाड मोडू नये असा निर्गमाच्या पुस्तकात नियम आहे.

दोन साक्षी, दोन तिथी. पंडितांनी मेळ घालण्याचे फार यत्न केले. कोणी म्हणाले, योहानातले 'वल्हांडण खाणे' म्हणजे सणाच्या आठवड्यातले इतर यज्ञभोजन. शब्द ताणले तर हे बसते. पण सहज वाचणाऱ्याच्या मनात ते येत नाही. 1957 साली आनी झोबेर या फ्रेंच विदुषीने फार चतुर तोड सुचविली. मृतसमुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या हस्तलिखितांवरून 364 दिवसांचे एक सौर पंचांग उजेडात आले होते. त्यात वल्हांडण दरवर्षी बुधवारी पडे, म्हणून भोजन मंगळवारी रात्री. येशूने हे पंचांग पाळले आणि मंदिराने दुसरे, असे मानले की दोन्ही साक्षी खऱ्या ठरतात. दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांचा भेद पाहिलेल्या आपल्या श्रोत्यांना हे पटकन पटेल. पण येशू त्या पंथाचे पंचांग पाळीत होता याला पुरावा कोठे आहे? शिवाय भोजन आणि क्रूस यांत एकच रात्र गेली असे चौघेही वाचकाला भासवितात. इथे तीन रात्री घालाव्या लागतात.

खगोलशास्त्राकडे गेलो तर 14 निसान शुक्रवारी पडल्याची दोन वर्षे चांगली जुळतात: इ.स. 30 मधला 7 एप्रिल आणि इ.स. 33 मधला 3 एप्रिल. हा कौल योहानाकडे झुकतो. पण महिना चंद्रकोर डोळ्यांनी पाहून सुरू करीत, तेव्हा एका ढगाने तिथी पुढे जाऊ शके. गणिताला साक्षीदार म्हणावे, न्यायाधीश करू नये.

मग आमचे मत काय? तिथीपुरता योहान अधिक विश्वसनीय, असे आम्हाला वाटते. मार्क स्वतःच सांगतो की, लोकांत गडबड होईल म्हणून सणात धरू नये असे पुढाऱ्यांनी ठरविले होते. कुरेनेचा शिमोन शिवारातून येतो, योसेफ तागाचे कापड विकत घेतो. हे सारे सणाच्या सुटीपेक्षा आदल्या दिवशी अधिक शोभते. भोजनाच्या वर्णनात भाकर आहे, द्राक्षारस आहे, कोकराचा उल्लेख नाही. उलट बाजूने योआखिम येरेमियास या जर्मन पंडिताने दाखविले की, रात्रीची वेळ, यरुशलेमातच थांबणे, लोडाला टेकून जेवणे, शेवटी स्तोत्र म्हणणे ही सारी लक्षणे वल्हांडणाची आहेत. हे वजनदार आहे. आम्ही एवढेच म्हणतो की, मरण समोर दिसत असलेल्या माणसाने सणाच्या आदल्या रात्री सणाचाच भाव मनात धरून भोजन केले असेल, आणि आठवण सांगणाऱ्यांनी त्याला सण म्हटले असेल.

याने बिघडते काय? पुष्कळ. मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा संग्रह इ.स. 200 च्या सुमाराचा. देहान्ताचा खटला रात्री चालवू नये, शब्बाथाच्या वा सणाच्या आदल्या दिवशीही चालवू नये, असे तो सांगतो. मार्काची तिथी घ्यावी तर न्यायसभा ऐन सणाच्या रात्री बसली. योहानाची घ्यावी तर त्याच्या वर्णनात न्यायसभेचा रीतसर खटला जवळजवळ नाहीच, नुसती चौकशी आहे. क्रूस ही तर रोमची शिक्षा. असे असता त्या रात्रीचा दोष एका सबंध जातीच्या माथी मारला गेला, आणि युरोपात शतकानुशतके पवित्र आठवड्यात ज्यूंना दारे लावून बसावे लागले. 28 ऑक्टोबर 1965 ला व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, तो दोष त्या काळच्या सरसकट ज्यूंवर वा आजच्या ज्यूंवर ठेवता येत नाही. केवढा उशीर! आमच्या कोकणात त्याच ज्यूंनी शतकानुशतके घाणे चालविले, मराठीत वल्हांडणाला 'अनशी ढाकाचा सण' म्हटले, आणि त्यासाठी कोणी त्यांच्यावर दगड उचलला नाही. याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण आपल्या गावात इतर कोणावर असे जुने दोष लादले जात नाहीत ना, हेही तपासावे.

शेवटी एक प्रसंग सांगून बसतो. आशिया मायनरचे ख्रिस्ती वार कोणताही असो, 14 निसान पाळीत. ही परंपरा योहानाची, असे ते म्हणत. रोमचे लोक रविवार धरीत. इ.स. 155 च्या सुमारास स्मर्नाचा वृद्ध पॉलिकार्प रोमला गेला आणि तिथल्या अनिसेतसशी त्याने चर्चा केली. दोघांपैकी कोणीही आपली तिथी सोडली नाही. तरी अनिसेतसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा मान पॉलिकार्पला दिला, आणि दोघे शांततेने वेगळे झाले. पुढे व्हिक्टर नावाच्या रोमच्या बिशपाने याच तिथीपायी आशियाच्या मंडळ्यांना बहिष्कृत करू पाहिले, तेव्हा इरेनेयसने त्याला या दोघा वृद्धांची आठवण दिली.

आज रात्री घरी जाताना तिथीचा निकाल कोणाच्या बाजूने लागला ते आपण विसरलात तरी चालेल. वाद न मिटताही एका ताटाशी बसता येते, एवढे मात्र विसरू नये.