विटाळ कोणाचा?



मी वाराणसीहून बोलतोय. इथल्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट भागात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नाथांनी आपलं भागवत १५७३ साली याच काशीत पूर्ण केलं. रोज हजारो माणसं शुद्ध व्हायला इथे गंगेत उतरतात. म्हणून इथूनच विचारावंसं वाटतं, अशुद्ध कोण हे ठरवतं कोण?

हा प्रश्न चौदाव्या शतकात सोयराबाईंनी विचारला. त्या चोखोबांच्या पत्नी, महार समाजातल्या. देवळात पाऊल ठेवायची बंदी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याला तुम्ही विटाळ म्हणता, त्यातूनच प्रत्येक देह घडतो. मग विटाळावाचून जन्मलेला एक तरी माणूस दाखवा! जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ, दोन्हींना त्यांनी एकाच वेळी उत्तर दिलं.

गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दासी. त्यांचा विठ्ठल त्यांच्याबरोबर दळतो, गोवऱ्या वेचतो. आपण हे गोड मानून ऐकतो. पण जात्याला हात लावायला देवालाच यावं लागलं, याचा अर्थ माणसांपैकी कोणी येत नव्हतं.

संत बहिणाबाई (१६२८–१७००) तर ब्राह्मण घरातल्या. लहानपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न झालं. कीर्तनाची ओढ लागली म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, आणि शूद्र मानलेल्या तुकोबांना गुरू केलं. हे सारं त्यांनी स्वतः अभंगांत लिहून ठेवलंय. त्यांनी संसार सोडला नाही, पतिव्रताधर्मावरही लिहिलं. पण ब्राह्मण कशाने होतो, जन्माने, देहाने की ज्ञानाने, हे विचारणारी ‘वज्रसूची’ही त्यांनीच मराठी अभंगांत आणली. त्याच काळात, १६७४ साली, शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी काशीच्या गागाभट्टांना रायगडी जावं लागलं. क्षत्रिय कोण हा वाद शास्त्री घालत होते. ब्राह्मण कोण हे एक गृहिणी विचारत होती.

आजही संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या कित्येक घरांत मुलीला महिन्याचे चार दिवस देवघरापासून दूर ठेवतात. सोयराबाईंचा अभंग त्या घरातही गायला जातो. पुढच्या वेळी तो गाताना तिलाही शेजारी बसवा. देव उठून जाणार नाही.

रामकृष्णहरी.